मिरचीच्या पोत्यामागे : स्थलांतरित शेतमजूर आणि आपले साहित्य

एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीच्या दिवसांत, भाजीपाल्याशी संबंध असलेल्या दोन बातम्या मागेपुढे आल्या. तबलिगी जमातीचे प्रकरण गाजल्यानंतर देशात ठिकठिकाणी मुस्लिम भाजीविक्रेत्यांना नाव विचारून वस्तीबाहेर काढले जात होते, ही पहिली. दुसरी १८ एप्रिलची. छत्तीसगडच्या बिजापूर जिल्ह्यातील एक १२ वर्षांची आदिवासी मुलगी तेलंगणातील मिरचीच्या शेतातून पायी घरी निघाली होती. तीन दिवस चालून, गाव जवळ आले असताना ती वाटेतच मरण पावली. पहिल्या बातमीने आपले लेखक-कवी अस्वस्थ झाले, कविता आल्या, लेख आले, आणि ते यायलाच हवे होते. दुसऱ्या बातमीवर मुस्लिम मराठी लेखकाने लिहिलेली कविता किंवा कथा माझ्या वाचनात आलेली नाही. त्या मुलीवर २०२१ मध्ये एक पुस्तक आले, पण ते इंग्रजीत आणि लहान मुलांसाठी. ते लिहिले समीना मिश्रा यांनी, चित्रे काढली तारिक अझीझ यांनी. म्हणजे लेखक-कलावंतांना तो विषय परका वाटला नाही. आपल्याला, मराठीत, तो का सुचला नाही, हा या लेखाचा प्रश्न आहे.

हातगाडीवरची मिरची आणि शेतातली मिरची एकच. एका टोकाला आपला माणूस उभा आहे, दुसऱ्या टोकाला ती मुलगी. आपल्या साहित्यात भाजी हातगाडीवर दिसते, मंडईत दिसते, स्वयंपाकघरात दिसते. रोपावर दिसत नाही, आणि म्हणून ती तोडणारा हातही दिसत नाही.

हा हात कोणाचा ते आधी पाहू. त्यासाठी बिजापूरपर्यंत जाण्याची गरज नाही, महाराष्ट्राचे पूर्वेकडचे टोक पुरेसे आहे. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. हा धानाचा मुलूख आहे. माजी मालगुजारी तलाव, ज्यांना सगळे मामा तलाव म्हणतात, राईस मिल, आणि उरलेल्या जागी जंगल. रोवणी जुलै-ऑगस्टमध्ये होते, कापणी-मळणी दिवाळीच्या पुढेमागे. त्यानंतर ज्याच्या बांधाला उन्हाळी धानाचे पाणी नाही त्याच्या हाताला काम नाही. तेंदूपाने मे महिन्यात. मधले तीन-चार महिने रिकामे. नेमक्या याच महिन्यांत तेलंगणात खम्मम, वरंगल, मुलुगूकडे मिरची लाल होते. गोंदियाहून वडसा, नागभीड, मूल, चंद्रपूर करत रेल्वे बल्लारशाला जाते, आणि तिथून पुढे काजीपेठचा रस्ता उघडा आहे. गोंदिया, भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर या चारही जिल्ह्यांतली माणसे मिरची तोडायला जातात. त्यांत बायका अधिक, आणि घरी सांभाळायला कोणी नसल्याने मुलेही. मार्च २०२० च्या अखेरीस यांतले हजारो लोक तिकडे अडकले, पुष्कळजण जंगलातून चालत परतले. काही ठिकाणी मजुरीचा भाग मिरचीतच दिला जातो. तेव्हा परतणाऱ्यांच्या डोक्यावरचे पोते हाच त्यांचा पगार होता.

ज्यांनी मिरची हाताळली आहे त्यांना हे काम समजावून सांगावे लागत नाही. भिवापूर-पवनीकडच्या मिरचीच्या सातऱ्यांवर बायका दिवसभर बसून देठ खुडतात. संध्याकाळी त्या हातांनी डोळा चोळता येत नाही, अंगावरच्या पोराला जवळ घेता येत नाही. तोडणीचेही तेच, वर डोक्यावर ऊन. मजुरी वजनावर. वजन करणारा काटा मालकाचा, हिशेब ठेकेदाराच्या वहीत, आणि त्या वहीची भाषा पुष्कळदा तेलुगू. येण्यापूर्वी घेतलेली उचल वहीच्या पहिल्या पानावर असते. ती फिटेपर्यंत कोणी जायचे नाही, हे कुठे लिहिलेले नसते आणि सर्वांना माहीत असते. १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याने आगाऊ रकमेच्या बदल्यात माणूस अडकवून ठेवणे हा गुन्हा ठरवला. १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्याने पाच किंवा अधिक मजूर परराज्यात नेणाऱ्या ठेकेदाराला परवाना, प्रवासखर्च आणि विस्थापन भत्ता सक्तीचा केला. पुढे तो कायदा २०२० च्या संहितेत विलीन झाला आणि पाचाची संख्या दहा झाली. कायद्याचा इतिहास इतकाच पुरे. शेतापर्यंत तो फारसा पोचलेला नाही.

आता मराठी साहित्याकडे वळू. मराठी ग्रामीण साहित्याने शेतकरी उभा केला यात शंका नाही. महात्मा फुल्यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’पासून सदानंद देशमुखांच्या ‘बारोमास’पर्यंत ती परंपरा ठळक आहे. परंतु ‘बारोमास’मधला एकनाथ हा जमीन असलेल्या घरातला शिकलेला मुलगा आहे. त्याचे दुःख खरे आहे, पण ते बांधाच्या आतले दुःख आहे. बांधाच्या बाहेर उभी असलेली, आज या शेतात आणि उद्या त्या शेतात जाणारी बाई त्या प्रकारच्या कादंबरीत येते ती कामापुरती येते, काम संपले की पान उलटते. उद्धव शेळके यांची ‘धग’ (१९६०) याला मोठा अपवाद. कौतिक ही शिंप्याच्या घरातली बाई, तिला लोकांच्या शेतात मजुरीला जावे लागते, आणि कादंबरी तिच्या पावलाने चालते, शेताच्या मालकाच्या नजरेने नव्हे. तिची वऱ्हाडी बोली लेखकाने निवेदनाच्या प्रमाण मराठीत विरघळू दिली नाही, हे त्या कादंबरीच्या यशाचे एक मोठे कारण. पण ‘धग’ हीसुद्धा गावाची गोष्ट आहे. कौतिकचे हाल होतात ते ओळखीच्या माणसांत होतात. ज्या गावाची भाषा येत नाही, ज्या शेताच्या मालकाचे नाव माहीत नाही, तिथे तीन महिने खोपटात राहणारी बाई आपल्या कादंबरीला अजून हवी आहे.

असे का, याचे एक कारण मला रूपाचे वाटते. आपली कादंबरी गावात घर करून राहते. पार, देऊळ, मशीद, चावडी, विहीर, भावकी यांच्याशिवाय तिला पात्र उभे करता येत नाही. स्थलांतरित मजुराकडे यातले काहीच नसते. तो दिसतो तो जथ्यात, आणि जथ्याला चेहरा देण्याची कला आपण फारशी शिकलो नाही. ऊसतोड कामगारांना निदान ‘कोयता’ हा शब्द तरी मिळाला, संघटना मिळाल्या, पुढाऱ्यांची भाषणे मिळाली. नाशिकच्या द्राक्षबागांत पेठ-सुरगाण्याहून येणाऱ्या टोळ्या, रत्नागिरीच्या आंब्याच्या बागांतले नेपाळी राखणदार, आणि गोंदियाहून मिरचीला जाणाऱ्या बायका यांना तेवढेही नाही. झाडीपट्टीत तर एक विलक्षण योग आहे. दिवाळीनंतर होळीपर्यंत तिथे नाटकांचा हंगाम असतो, गावोगावी रात्रभर मंडप भरतात, आणि त्याच हंगामाच्या उत्तरार्धात कितीतरी घरांना कुलूप लागते. प्रेक्षक बाहेरगावी, नाटक गावात!

या भागाविषयीचे जे लिखाण मला सर्वांत अस्सल वाटते ते कादंबरी नाही, कविता नाही. ते वर्तमानपत्रातले आहे, आणि तेही इंग्रजीत. जानेवारी २००७ मध्ये पी. साईनाथ यांनी ‘द हिंदू’ दैनिकात तिरोड्याच्या भूमिहीन बायकांवर लिहिले. तिरोडा हे गोंदिया जिल्ह्यातले तालुक्याचे गाव. तिथल्या शेकडो बायका रोज पहाटे रेल्वे धरून दूरच्या खेड्यांत शेतमजुरीला जात होत्या, मजुरी दिवसाला ३० रुपये. घराबाहेर जवळजवळ वीस तास. शहरातून खेड्याकडे असा हा उलटा प्रवास, तोही रोजचा. त्यांतल्या एका आईचे आपल्या सहा वर्षांच्या मुलाशी कित्येक महिने बोलणे झालेले नव्हते. दोघे एकाच घरात राहत होते! ती निघते तेव्हा तो झोपलेला, ती परतते तेव्हाही झोपलेला.

समीक्षक म्हणून या लेखाकडे पाहिले तर लक्षात येते की त्याचे बळ करुणेत नाही, मोजमापात आहे. साईनाथ तास मोजतात, रुपये मोजतात, उठण्याची आणि परतण्याची वेळ सांगतात. ‘बिचारी’ म्हणण्याचे काम ते वाचकावर सोडतात. आई आणि मूल एका छपराखाली राहून एकमेकांना जागेपणी भेटत नाहीत, हे एखाद्या कथाकाराने कल्पनेने लिहिले असते तर आपण त्याला भडक म्हटले असते. मराठीत या जातीचे लिखाण अनिल अवचटांनी केले. निपाणीच्या तंबाखू वखारींतल्या बायकांवरचा त्यांचा लेख आजही वाचताना ठसका लागतो. पण अवचट ज्या शोषणाकडे पाहत होते ते वखारीच्या चार भिंतींत बसलेले होते, त्याला पत्ता होता. तिरोड्याच्या बाईच्या शोषणाला पत्ता नाही, ते फलाटावर आणि डब्यात आहे. साईनाथांच्या लेखाची उणीव सांगायची तर एकच. ती बाई बोलली झाडीबोलीत, आणि आपल्यापर्यंत आली इंग्रजीत. मधली भाषा मराठी होती. ती भाषा गप्प राहिली. झाडीबोलीसाठी साकोलीच्या हरिश्चंद्र बोरकरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जे काम केले त्यामुळे शब्दांचा तुटवडा आहे असेही म्हणता येत नाही.

जगाच्या साहित्यात फळे तोडणाऱ्या मजुराची कादंबरी म्हटली की जॉन स्टाइनबेकच्या ‘द ग्रेप्स ऑफ रॉथ’चे (१९३९) नाव येते. ओक्लाहोमातून उखडलेले शेतकरी कॅलिफोर्नियात जातात. तिची स्तुती करताना आपण माणुसकीविषयी बोलतो, आणि तिची खरी कारागिरी सांगायची राहते. स्टाइनबेक यंत्रणा दाखवतो. आठशे मजूर हवे असताना हजारो पत्रके छापून का वाटतात, तर हजारो भुकेले आले की दर पाडता येतो. पीच तोडण्याचा दर पेटीमागे पाच सेंट असतो. संप मोडताच तो अडीच होतो. त्या अडीच सेंटांत कादंबरीचे सगळे अर्थशास्त्र आले. आपल्याकडे शोषण म्हणजे दुष्ट माणूस, मिशांना पीळ देणारा सावकार अशी समजूत अजून गेलेली नाही. मिरचीच्या शेताचा मालक पुष्कळदा दोन-चार एकरवाला, स्वतः कर्जात बुडालेला कास्तकार असतो. ठेकेदार त्याच मजुरांच्या गावचा, कधी नात्यातला असतो. कोणीच राक्षस नाही आणि तरी बाई मजुरीविना परत येते. हे लिहायला कठीण आहे. म्हणूनच ते लिहिले पाहिजे.

आता आपल्या अंगणात येऊ. १९९० मध्ये सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन झाले, तेव्हापासून आपण एक गोष्ट सातत्याने सांगत आलो की मुसलमान म्हणजे नवाब आणि अत्तराचा फाया हे चित्र खोटे आहे, मराठी मुसलमान हा कष्टकरी आहे. शब्बीर अन्सारी यांच्या मुस्लिम ओबीसी चळवळीने तर आपल्या बिरादऱ्यांची नावेच मांडून दाखवली : बागवान, अत्तार, मोमीन, तांबोळी, पिंजारी, छप्परबंद. या मांडणीचे ऋण मोठे आहे. सच्चर समितीने २००६ मध्ये आकड्यांनी तेच सांगितले. रस्त्यावर बसून विकणाऱ्यांचे प्रमाण देशात आठ टक्क्यांहून कमी, तर मुस्लिम पुरुष कामगारांत बारा टक्क्यांहून जास्त. या हातगाडीवाल्याची कविता आपल्याकडे आहे, आणि चांगली आहे.

परंतु कष्टकरी ही ओळख एकदा पक्की झाली की तिचा एक तोटा होतो. आपण स्वतःला नेहमी शोषिताच्याच जागी पाहू लागतो. ‘बागवान’ हा शब्दच पाहा. त्याचा अर्थ बाग राखणारा, झाडाला पाणी घालणारा. आज आपला बागवान भाऊ बागेत कमी आणि बाजार समितीत अधिक दिसतो. कोणी हातगाडीवर आहे, कोणी आडतीवर, कोणी झाडावरचा माल एकठोक विकत घेणारा व्यापारी आहे. असा माल घेतला की तोडणी त्याची, भरणी त्याची, आणि तोडणारे मजूर आणायचे तेही त्यानेच. म्हणजे साखळीच्या मधल्या कड्यांत आपण आहोत. सगळेच व्यापारी मजुरांना बुडवतात असे कोणी म्हणणार नाही, मीही म्हणत नाही. पण दर पाडून घेण्याच्या त्या यंत्रणेत आपलाही हात लागतो, ही जाणीव आपल्या कथेत उतरलेली मला दिसत नाही. कोकणातही तसेच. हमीद दलवाई यांच्या ‘लाट’ आणि ‘इंधन’ने कोकणी मुसलमानांचे अंतरंग निर्भयपणे उघडे केले. त्याच कोकणातले पुरुष नंतर आखातात मजूर म्हणून राबले. आंब्याच्या बागेत राखण करायला नेपाळी माणूस आला. दोन स्थलांतरे एकाच कलमाखाली भेटतात! या भेटीची कथा लिहायला दलवाईंच्या ताकदीचा लेखक हवा हे खरे, पण विषय डोळ्यांसमोर आहे.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. आधी आमचे दुःख तरी लिहून होऊ द्या, दंगली, संशय, घर न मिळणे, ठेला उलथवला जाणे, हे लिहायला आम्हीच आहोत, दुसरे कोणी लिहिणार नाही. शिवाय आपल्याच माणसाचे दोष दाखवले तर टपून बसलेल्यांच्या हाती कोलीत मिळेल. दुसरी भीती मला समजते. २०२० नंतर ती वाढलीच आहे. मात्र पहिल्या म्हणण्यात एक गफलत आहे. ठेलेवाल्याचे दुःख आणि तोडणाऱ्या बाईचे दुःख वेगळ्या पेट्यांत ठेवता येत नाही. ज्या टाळेबंदीत ठेलेवाल्याला मोहल्ल्याबाहेर काढले त्याच टाळेबंदीत ती मुलगी चालत होती. दोघांनाही कोणी दाराशी उभे केले नाही. साहित्याला हे एका चित्रात दाखवता आले असते, राजकारणाला ते जमणारे नव्हते. अमर शेखांना ही दृष्टी होती. बार्शीकडून आलेला हा शाहीर कामगार म्हणून राबला आणि कामगाराविषयी गायला, तेव्हा त्याने जात-धर्माची पाटी वाचून दुःख निवडले नाही. आपण त्यांची जयंती करतो, त्यांचा हा गुण मात्र घेत नाही.

आणि आपल्या परंपरेत या विषयाला शब्द नाहीत असे तरी कुठे आहे? मजुराचा घाम वाळण्यापूर्वी त्याची मजुरी चुकती करावी, ही हदीस आपल्या मुलांना पाठ असते. तिचा उपयोग वक्तृत्व स्पर्धेत फार होतो. जकातीच्या आठ हकदारांत कुरआनने वाटेत अडकलेला मुसाफिरही मोजला आहे. २०२० मध्ये महामार्गावर पाणी आणि खिचडी घेऊन उभे राहिलेल्या आपल्या तरुणांनी हा हक्क न सांगता ओळखला. पण लेखकाच्या कामाची मला सर्वांत वाटते ती सूरह कससमधली हजरत मूसांची कथा. मिसरमधून पळालेला एकटा माणूस मदयनला येतो, परका, उपाशी, विहिरीपाशी बसलेला. त्याला काम मिळते. काम देणारा वृद्ध आधी अट सांगतो : आठ वर्षे, दहा केलीस तर तुझी खुशी, मी तुला जाचात घालू इच्छित नाही. मूसाही उत्तर देतात, दोहोंपैकी कोणतीही मुदत पुरी केली की माझ्यावर सक्ती नाही. परक्या मजुराला आपली अट बोलून दाखवण्याचा हक्क त्या संवादात आहे. याच्या शेजारी मुकादमाची वही ठेवून पाहा. उचल घेताना गोंदियाची बाई काय बोलते? ती अंगठा उठवते. तिचे वाक्य अजून कोणी लिहिलेले नाही.

ते वाक्य मिळवायचे तर जावे लागेल. इथे मुस्लिम मराठी लेखकाजवळ असे एक साधन आहे जे इतर मराठी लेखकांजवळ सहसा नसते, आणि त्याची आपल्याला थोडी लाजच वाटत आली आहे. मिरचीच्या त्या शेतात मालक तेलुगू बोलतो, बायका झाडीबोली किंवा गोंडी बोलतात. भाव, वजन, शिवी आणि समजूत यांची देवघेव पुष्कळदा तेलंगणाच्या बाजारात चालणाऱ्या मोडक्या हिंदीत, दखनीत होते. तीच दखनी सोलापूर, लातूर, नांदेडकडच्या कितीतरी मुस्लिम घरांत चुलीपाशी बोलली जाते. शाळेत ‘अशुद्ध’ म्हणून हिणवली गेलेली, संमेलनाच्या व्यासपीठावर आपण टाळतो ती ही भाषा. काट्यावरचे वजन कमी भरले तेव्हा ती बाई मालकाला जे बोलली असेल ते बहुधा याच भाषेत, अर्धे तिचे आणि अर्धे आपल्या आईचे वाटावे अशा शब्दांत बोलली असेल. खम्ममच्या गाडीत बल्लारशाला चढणाऱ्या आपल्या लेखकाला दुभाषा लागणार नाही.